मालव्याच्या काळ्या मातीत नवं रोप जगवताना

इंदूरला नव्यानं राहायला आलेल्या, किंवा फ्लॅट सोडून पहिल्यांदाच अंगण मिळालेल्या मराठी माणसाला झाडांबद्दलचे सल्ले बहुतेक पुण्या-कोकणातून फोनवर येतात. ‘रोज पाणी घाल’, ‘खड्डा चांगला खोल घे’, ‘थोडी वाळू मिसळ’. कोकणातल्या लाल, निचऱ्याच्या मातीत हे चालून जातं. इथे सुदामा नगर असो की राजेंद्र नगर, कुदळ मारली की लागते ती काळी चिकण माती. पावसात ती फुगते, पाणी धरून बसते, आणि मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. एकाच अंगणात जुलैमध्ये रोप पाण्यानं कुजतं आणि ऑक्टोबरमध्ये पाण्याविना वाळतं. म्हणून वारावर किंवा घड्याळावर पाणी घालायचं नाही. मुळाशी काय चाललंय ते बघून घालायचं. पुढे जे सांगतोय ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

खड्डा: रुंद, उथळ, आणि आधी एक परीक्षा

लागवडीची वेळ मृगाचा पहिला पाऊस नव्हे. जूनच्या अखेरीस किंवा जुलैमध्ये दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन आतपर्यंत भिजली की मग. त्यातही माती पायाला गोळे होऊन चिकटत असेल, तर दोन दिवस उघडीप मिळेपर्यंत थांबा. ओल्या काळ्या मातीत खड्डा केला की कुदळीनं त्याच्या भिंती घासून गुळगुळीत होतात, वाळल्यावर त्या कडक बनतात आणि कोवळी मुळं तिथेच अडून गोल फिरत राहतात. खड्डा झाल्यावर भिंती पहारीनं किंवा खुरपीनं ओरबाडून खडबडीत करा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि जवळजवळ कोणी करत नाही.

खड्डा रोपाच्या पिशवीच्या दुप्पट-तिप्पट रुंद हवा. खोली मात्र पिशवीपेक्षा दोन-तीन इंच कमीच. काळ्या मातीत खोल खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेली बादली: आसपासचं सगळं पाणी त्यात उतरतं आणि निघायला वाट नसते. शंका असेल तर खड्डा पाण्यानं भरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. चोवीस तासांनंतरही पाणी उभं असेल तर त्या जागी खड्ड्यात लावूच नका. सहा-नऊ इंच उंच मातीचा पसरट उंचवटा करा आणि त्यावर रोप लावा. लिंबू, पपई, कढीपत्ता यांच्यासाठी मी तर परीक्षेशिवायही उंचवटाच सुचवीन. मुळाशी पाणी साचलेलं या तिघांना अजिबात खपत नाही, पपईला तर सगळ्यात कमी.

नव्या कॉलनीत घर असेल तर वेगळीच भानगड असते. वरचा फूटभर थर बांधकामाच्या वेळी टाकलेला मुरूम, विटांचे तुकडे आणि सिमेंटचा राडारोडा असतो. तो खड्ड्यातून काढून टाका. खड्डा भरायला मूळचीच माती वापरा, त्यात साधारण चौथा भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. चिकण मातीत एखाद-दुसरी तगारी वाळू मिसळून निचरा सुधारत नाही. सेंद्रिय खतानं सुधारतो. ओलं, ताजं शेण मुळाशी घालू नका. ते कुजताना तापतं आणि वाळवीलाही बोलावतं.

हुंडी फुटू द्यायची नाही

नर्सरीतून आणलेल्या रोपाच्या मुळांभोवती मातीचा जो गोळा असतो ती हुंडी. रोप लावायच्या तासभर आधी पिशवीसकट तिला भरपूर पाणी पाजा, म्हणजे काढताना ढासळणार नाही. मग पिशवी ब्लेडनं उभी चिरून पूर्ण काढून टाका. ‘खाली भोकं आहेत, मुळं निघतील बाहेर’ असं म्हणून पिशवीसकट लावणारे माळी इंदुरात आजही भेटतात. त्यांना तिथेच थांबवायचं. तळाशी मुळं गोल गुंडाळली गेली असतील तर ती बोटांनी हलकेच मोकळी करा, फार घट्ट वेटोळं असेल तर एक-दोन ठिकाणी कापा.

हुंडीचा वरचा भाग जमिनीपेक्षा दोन-तीन इंच वर राहील असं रोप ठेवा. काळी मोकळी माती पहिल्या दोन पावसांत खाली बसते आणि रोपही तिच्याबरोबर खाली जातं. खोड जिथून मुळांमध्ये रुंदावतं तो भाग उघडा दिसला पाहिजे. कलमी आंबा किंवा पेरू असेल तर कलमाचा जोड जमिनीच्या बराच वर हवा. माती भरून हातानं दाबा. पायानं थयथयाट करायचा नाही, विशेषतः ओल असताना, कारण दाबलेल्या काळ्या मातीत हवा उरत नाही. शेवटी पाऊस चालू असला तरी एक बादली पाणी सावकाश घाला. या पहिल्या पाण्याचं काम तहान भागवणं नाही, हुंडी आणि बाहेरची माती यांच्यातल्या पोकळ्या बुजवणं आहे.

आळं

खोडाभोवती दीड ते दोन फूट व्यासाचं गोल आळं करा, कडा तीन-चार इंच उंच. आतली माती खोडाकडे किंचित चढती ठेवा, म्हणजे पाणी कडेच्या बाजूला साचेल आणि साल सतत ओली राहणार नाही. आता काळ्या मातीतली खास गोष्ट: पावसाळ्यात उताराच्या बाजूनं आळं फोडून ठेवायचं. इंदुरात सरासरी पस्तीस ते चाळीस इंच पाऊस पडतो, आणि कधीकधी त्यातला बराचसा दोन-तीन रात्रींत येतो. बंद आळं म्हणजे मग तळं. पावसाळा संपला की फोडलेली बाजू मातीनं पुन्हा बांधा. झाड वाढेल तसं आळंही दरवर्षी वाढवायचं, कारण पाणी पिणारी बारीक मुळं खोडाशी नसतात, फांद्यांच्या घेराखाली असतात. पाच वर्षांच्या आंब्याला खोडाशी पाइप लावून उभं राहणं म्हणजे पाणी वाया घालवणं.

पाणी: कधी आणि किती

लागवडीनंतर कित्येक आठवडे रोपाची सगळी मुळं त्या हुंडीतच असतात. नर्सरीवाले हुंडीत हलकी माती, खत आणि हल्ली कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुगा, भरतात. ती भराभर सुकते. म्हणजे असं होतं की अर्ध्या फुटावरची काळी माती चिंब ओली आणि हुंडी मात्र कोरडी ठणठणीत. शेजारची ओल रोपाला अजून पोहोचतच नाही. याउलट वरून रोज शिंपडलं तर वरचा इंचभर ओला दिसतो, खाली काहीच जात नाही आणि मुळंही वरच्यावर पसरतात. मेमध्ये सगळ्यात आधी तापतो तो हाच थर.

तपासायची रीत सोपी आहे. अगरबत्तीची जळून उरलेली काडी किंवा बांबूची बारीक काडी खोडापासून तीन-चार इंचांवर, म्हणजे हुंडीतच, बोटभर खोल घालून काढा. काडीला ओली माती चिकटून आली तर आज पाणी नको. कोरडी निघाली तर घाला. आळ्यातल्या काळ्या मातीसाठी चिमूटभर नव्हे, मूठभर माती चार इंच खालून काढून दाबा. हाताला चिकटून चकचकीत गोळा झाला तर ओल जास्त आहे. गोळा होतो पण हात स्वच्छ राहतो तर उत्तम. भुगा होतो तर पाण्याची वेळ झाली. पंधरा दिवस हे केलंत की नुसतं बघून कळायला लागतं.

एका वेळी किती? मोगरा, तगर, जास्वंद अशा झुडपांना चार-पाच लिटर. तीन-चार फुटी झाडाच्या रोपाला एक बादली, म्हणजे दहा ते पंधरा लिटर. मोठ्या पिशवीतलं सहा-सात फुटी झाड असेल तर दोन बादल्या. सगळं एकदम ओतायचं नाही. निम्मं घाला, दुसऱ्या झाडाकडे जा, परत येऊन उरलेलं घाला.

आता वर्षाचं वेळापत्रक. तारखांपेक्षा सणांवर लक्षात ठेवणं सोपं जातं, आणि मालव्याच्या हवेशी ते बऱ्यापैकी जुळतंही.

श्रावण-भाद्रपदात पाणी घालण्यापेक्षा पाणी काढण्याकडे लक्ष. आळ्यात चोवीस तासांपेक्षा जास्त पाणी उभं दिसलं तर चर काढून वाट करून द्या. चार-पाच दिवसांची उघडीप आणि ऊन पडलं तर मात्र काडी घालून बघा, पावसाळा आहे म्हणून गृहीत धरू नका.

अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे चित्ररथांची मिरवणूक, निघून गेल्या की पाऊस आवरता घेतो, आणि नवरात्र ते दिवाळी हा नव्या रोपाचा सगळ्यात घातक काळ सुरू होतो. माझं हे मत अनेकांना पटत नाही. सगळे मे महिन्याला घाबरतात. पण मेमध्ये आपण सावध असतो. ऑक्टोबरमध्ये आजूबाजूचं गवत हिरवं असतं, जमीन ओली भासते, घरात फराळाची आणि रंगकामाची गडबड असते, आणि वर ऑक्टोबरचं ऊन रोज हुंडी सुकवत असतं. या महिन्यात झुडपांना दर दोन-तीन दिवसांनी आणि झाडांना दर चार-पाच दिवसांनी खोलवर पाणी हवंच. दिवाळीला गावाला जाणार असाल तर कोणाला तरी किल्लीबरोबर बादलीही सोपवून जा.

दिवाळी ते संक्रांत आराम. आठ-दहा दिवसांनी एकदा पुरतं. डिसेंबर-जानेवारीत एखादी रात्र फारच गारठते, आकाश निरभ्र असतं, वारा पडलेला असतो आणि ‘पाला’ पडायची, म्हणजे दंव गोठायची, भीती असते. अशा वेळी संध्याकाळी आळ्यात हलकं पाणी द्या. ओली जमीन रात्री उष्णता धरून ठेवते. पपई, केळ, कोवळा आंबा यांना गोणपाटानं किंवा जुन्या चादरीनं झाकायचं आणि सकाळी ऊन आलं की आठवणीनं काढायचं. प्लास्टिकचा कागद पानांना टेकेल असा घालू नका.

राजवाड्यावरची रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, झाली की उन्हाळा लागला समजा. तेव्हापासून झाडांना दर तीन-चार दिवसांनी, एप्रिलच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंत दर दोन-तीन दिवसांनी, झुडपांना एक दिवसाआड. सकाळी सातच्या आत किंवा ऊन कलल्यावर. मालव्यात उन्हाळ्यातही रात्री बऱ्याच सुखद असतात, त्यामुळे संध्याकाळचं पाणी इथे चांगलं मानवतं. भेगा पडल्या असतील तर त्यात पाणी ओतू नका, ते सरळ खाली निघून जातं. आधी खुरपीनं वरची माती भुसभुशीत करून भेगा बुजवा, मगच पाणी द्या. भेगा नुसत्या पाणी पळवत नाहीत, रुंदावताना कोवळी मुळं तोडतातही.

दुसऱ्या वर्षी हेच अंतर साधारण दुप्पट करा, पाण्याचं प्रमाण मात्र वाढवा. तिसऱ्या वर्षी कडुनिंब, करंज, बहावा, जांभूळ यांना फक्त उन्हाळ्यात पंधरवड्यातून एकदा भरपूर पाणी दिलं तरी भागतं. लिंबू, पेरू, मोगरा यांचं पाणी कधीच पूर्ण सुटत नाही.

पाणी कुठलं

‘पग-पग रोटी, डग-डग नीर’ ही मालव्याची ख्याती जुनी आहे. आजचं इंदूर पाणी पितं ते सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून पंपांनी पठारावर चढवलेल्या नर्मदेचं. बऱ्याच वस्त्यांत नळ एक दिवसाआड येतो आणि उन्हाळ्यात धार बारीक होते. त्यामुळे नळाच्या दिवशी झाडांसाठी एक ड्रम वेगळा भरून ठेवायची सवय लावा.

बोअरचं पाणी चालतं, पण ते जड असतं. मातीवर पांढरी खपली दिसायला लागली तर मधून मधून नर्मदेचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी द्या. आरओच्या मशीनमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. कुंडीला किंवा नव्या रोपाला ते एकटं कधीच घालू नका. फार तर दुपटी-तिपटीनं साधं पाणी मिसळून मोठ्या झाडांना. एसीचं पाणी निर्धोक. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी उत्तम. कपड्यांचं साबणपाणी मात्र काळ्या मातीत नको: त्यातला सोडियम चिकण मातीचे कण विस्कटतो आणि आधीच कमी असलेला निचरा आणखी बिघडवतो.

उन्हाळ्यात खरा आधार मडक्याचा. पाच-सात लिटरचं साधं, न रंगवलेलं मातीचं मडकं झाडापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा, पाण्यानं भरा आणि तोंडावर झाकण ठेवा, नाहीतर डासांची पैदास व्हायची. मडकं पाझरत राहतं, माती कोरडी असेल तेवढंच पाणी ओढून घेते, आणि मुळं त्याच्याकडे सरकत येतात. दर तीन-चार दिवसांनी भरलं की झालं. ते पुरायचं पाऊस संपल्यावर. झाडाची मुळं पसरल्यावर खणायला गेलात तर तीच तुटतील. उलट्या टांगलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांचा उपाय मला कुंडीपलीकडे फारसा उपयोगाचा वाटत नाही. एका लिटरनं आंब्याचं काय होणार?

आच्छादन, आधार, खत

पाणी घातल्यावर ते राखायचं काम आच्छादनाचं. आळ्यात दोन-तीन इंच जाडीचा वाळका पालापाचोळा पसरा. सोयाबीनचा पट्टा असल्यानं आसपासच्या गावांत मळणीनंतरचं भुसकट सहज मिळतं, तेही छान. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडायची. पाचोळा कुजून बसेल तशी भर घालत राहा. वाळवी दिसली तर खोडाजवळचा पाचोळा दूर करून कडुनिंबाची पेंड मिसळा.

आधार द्यायचाच असेल तर दोन्ही बाजूंना दोन बांबू, हुंडीच्या बाहेर ठोकलेले, आणि जुन्या सुती कापडाच्या पट्टीनं इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल गाठ. खोड थोडं हललं पाहिजे. हलतं खोडच जाड होतं. वर्षभरानं बांबू काढून टाका. तारेनं किंवा नायलॉनच्या दोरीनं बांधलेलं झाड दोन वर्षांत गळ्याशी कापलं जातं, हे रस्त्याकडेच्या लागवडीत कुठेही बघायला मिळेल.

खताची घाई नको. पहिलं वर्ष युरिया वगैरे काही नाही, मुळं तयार नसताना दिलेलं रासायनिक खत त्यांना भाजतं. नवरात्रात आणि रंगपंचमीच्या सुमारास दोन-दोन ओंजळी गांडूळखत वरच्या मातीत मिसळलं की पुरे. कलमाच्या जोडाखालून आलेले फुटवे दिसताक्षणी काढा, ते खुंटाचे, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याचे असतात आणि सगळी ताकद खाऊन बसतात. कलमी आंब्याला पहिली दोन-तीन वर्षं मोहोर आला तर जिवावर येईल, पण खुडा.

१४ जुलै २०२४ रोजी सीमा सुरक्षा दलाच्या रेवती रेंजवर एका दिवसात अकरा लाखांहून जास्त रोपं लागली आणि इंदूरचं नाव गिनीज बुकात गेलं. त्या दिवसापासून शहरात रोप भेट द्यायची टूमच निघाली आहे. वाढदिवसाला, बारशाला, निरोप समारंभाला. मिळालेलं रोप मार्च-एप्रिलमधलं असेल तर हौसेनं लगेच जमिनीत लावू नका. थोड्या मोठ्या कुंडीत हलवून उन्हाळाभर दुपारच्या सावलीत ठेवा आणि जुलैत लावा.

पानं मान टाकतात तेव्हा

नवा माणूस इथेच फसतो. पानं लोंबली की पाणी घातलं जातं, आणि कमी पाण्यानं जशी पानं लोंबतात तशीच जास्त पाण्यानंही लोंबतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, मग ओल्या मातीत उभं असूनही रोप तहानेलं राहतं.

म्हणून आधी वेळ बघा. दुपारी मान टाकून संध्याकाळी सावरणारं रोप बहुधा ठीक असतं, उन्हापुढे ते तसं करतंच. सकाळी सातलाही लोंबलेलंच असेल तर काडी घालून बघा. माती कोरडी: सावकाश दोनदा पाणी. माती ओली, खालची पानं मऊ पिवळी, आंबूस वास: पाणी बंद, आच्छादन बाजूला, आळं फोडा, आणि माती हलकेच मोकळी करून हवा लागू द्या. पानांच्या फक्त कडा तपकिरी होऊन कुरकुरीत झाल्या असतील तर उन्हाच्या झळा किंवा क्षार. पश्चिमेकडून हिरव्या नेटचा किंवा जुन्या साडीचा आडोसा करा. नव्या रोपाची काही पानं पहिल्या दोन-तीन आठवड्यांत गळली तर घाबरण्यासारखं काही नाही.

आणि पूर्ण वाळल्यासारखं दिसलं तरी उपटायची घाई करू नका. देवचाफा हिवाळ्यात आणि सीताफळ उन्हाळ्याच्या सुरुवातीला पानं टाकून उभंच असतं, ते त्यांचं नेहमीचं आहे. इतर रोपांची साल नखानं किंचित खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर जीव आहे. शेंड्याकडे तपकिरी निघालं तर खाली खाली खरवडत या. जिथे हिरवं लागेल तिथपर्यंतचा वाळका भाग कात्रीनं कापा आणि नेहमीसारखं, पण निम्मं पाणी चालू ठेवा. पानं नसलेलं रोप पाणी कमी पितं. कडुनिंब, करंज, पेरू खोडाच्या तळातून पुन्हा फुटल्याची उदाहरणं भरपूर आहेत. फक्त कलमी झाड जोडाच्या खालून फुटलं तर ते ठेवू नका. जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कुठेच डोळा फुगलेला दिसला नाही तर मात्र काढून टाका, मुळं कुजून गेली होती की वाळून ते हातात घेऊन बघा, आणि त्याप्रमाणे नवं रोप उंचवट्यावर लावायचं की आळं मोठं करायचं ते ठरवा. जुलै आहे, नव्या रोपासाठी वेळ गेलेली नसते.